बडोद्यातली बालवाडी आणि शेजारच्या चटईवर कोण बसतं: थोडी पार्श्वभूमी

'माझी ओळख', 'माझं कुटुंब', 'आपण सगळे वेगवेगळे' हे थीम-वीक बडोद्याच्या प्ले-स्कूलांत आता इतके रुळलेत की आईबाबांना व्हॉट्सॲपवर आठवडाभर आधी मेसेज येतो, घरातल्यांचे फोटो पाठवा, मुलाला शुक्रवारी पारंपरिक वेशात पाठवा. मग दांडिया बाजारातला मुलगा फेटा बांधून जातो, अलकापुरीतली मुलगी चनियाचोळी घालते, कुणीतरी हौसेनं पंजाबी होतं, आणि टीचर फोटो काढून टाकतात. यात वाईट काही नाही. पण हे सगळं आलं कुठून आणि त्यात मुळात कुठली गोष्ट सुटली ते बघायचं तर थोडं मागे जावं लागतं, फार नाही.

संस्थानाच्या काळातलं सगळ्यांना माहीतच आहे. १८९३ ला संस्थानातल्या अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६ ला सगळ्या राज्यात. त्यात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही ती म्हणजे सक्ती होती सात वर्षांपुढच्या मुलांना, त्याखालचं पोर आजीच्या ताब्यात. दुसरी गोष्ट, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी १८८० च्या दशकातच शाळा निघाल्या, फुकट, पण वेगळ्या, आणि तिथे शिकवायला सवर्ण मास्तर जाईनात म्हणून मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. या वेगळ्या शाळा मोडून मुलं एकत्र बसवायचा निर्णय व्हायला १९३० चं दशक उजाडलं आणि त्यालाही बराच विरोध झाला. म्हणजे 'सगळी मुलं सारखी' हे कागदावर आधी आलं, शेजारी बसणं चाळीस-पन्नास वर्षांनी. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे परत तेच होतं.

सातच्या आतल्या मुलांचा विचार सुरू झाला तो बडोद्यात नाही, भावनगरला. १९२० मध्ये तिथे बालमंदिर निघालं, तिथले गुजराती गुरुजी गिजुभाई बधेका आणि नंतर येऊन मिळालेल्या एक मराठी बाई, ताराबाई मोडक, दोघांनी मिळून मॉन्टेसरी इथल्या मातीत रुजवली, १९२६ ला त्यांचा संघ झाला. बाई पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या आणि आदिवासी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली, मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे. गाणी पाड्यावरची, खेळणी बिया-शिंपल्यांची. ओळख वगैरे शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं पण काम तेच होतं, आणि माझ्या मते आजच्या चकचकीत तक्त्यांपेक्षा सरस होतं.

बडोद्यात १९४९ ला विद्यापीठ झालं आणि गृहविज्ञानाच्या अभ्यासाबरोबर बालविकास हा विषय शिकवला जायला लागला, त्यातून शिकून निघालेल्या कित्येक जणींनी शहरात घरगुती बालवाड्या काढल्या. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत एखादी आत्या किंवा काकू ते करून आलेली असतेच. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात ३३ ठिकाणी अंगणवाडी योजना सुरू झाली, त्यात गुजरातमधलं छोटा उदेपूर होतं, जे तेव्हा वडोदरा जिल्ह्यातच होतं (२०१३ ला वेगळा जिल्हा झाला). तिथली राठवा आदिवासी मुलं घरात राठवी बोलणार, घराच्या भिंतीवर पिठोरा रंगवलेला बघत मोठी होणार, आणि अंगणवाडीत चित्र कुठलं, तर शहरी घर, सोफा, टाय लावलेले बाबा. शिवाय अंगणवाडी ज्या फळियातली (म्हणजे पाड्यातली) त्याच फळियाची मुलं तिथे. शहरातल्या वस्त्यांतही तोच हिशोब, सगळी एकाच गल्लीची.

आता शहराचं. जुन्या शहरात निदान पूर्वी मांडवीच्या चारी बाजूंना, वाडी, फतेपुरा, याकूतपुरा, नवापुरा, घरं एकमेकांना लागून होती आणि नगरपालिकेच्या शाळांत मराठी, गुजराती, हिंदी माध्यमाचे वर्ग. ऐंशीच्या दशकापासूनच्या दंगलींनंतर लोक आपापल्या बाजूला सरकले. अशांत धारा, म्हणजे ठरावीक भागात कलेक्टरच्या परवानगीशिवाय घर विकायचं नाही हा १९९१ चा कायदा, तो आणला होता घाबरून स्वस्तात घरं विकली जाऊ नयेत म्हणून, प्रत्यक्षात काय झालं तर दुसऱ्या धर्माचा माणूस शेजारी येणंच बंद झालं. मुलं तर जवळच्याच बालवाडीत जाणार. मग 'विविधता' ही तक्त्यावरच राहणार ना, दुसरं काय होणार.

आणि इथेच गुजरात सरकारचा तो निर्णय येतो, गरीब मुलांचे खाजगी शाळांतले प्रवेश नर्सरीऐवजी पहिलीपासून ठेवण्याचा, ज्यावर मला जरा जास्त लिहायचंय, कारण पालकांच्या ग्रुपवर यावर सगळ्यात जास्त गोंधळ असतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा (आरटीई), १ एप्रिल २०१० पासून लागू. खाजगी शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांना. शाळा कोर्टात गेल्या, २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने तरतूद वैध ठरवली, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच कलमात पुढे असंही लिहिलंय की शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर या जागा तिथल्या प्रवेशाला लागू. म्हणजे नर्सरीला. गुजरातने मात्र प्रवेश ठेवला पहिलीपासून, आणि तसाच चालू आहे. इंदूरला आपल्या नातेवाइकांना विचारा, मध्य प्रदेशात नर्सरी, केजी किंवा पहिली, शाळेचा जो पहिला वर्ग असेल तिथून अर्ज करता येतो. तोच केंद्राचा कायदा, रतलाम ओलांडून इकडे आलं की तीन वर्षांचा फरक.

पहिलीपासूनच प्रवेश ठेवण्याच्या बाजूनं जे सांगितलं जातं ते अगदीच टाकाऊ नाही. मूलभूत हक्क सहा ते चौदा वयाचा, मग त्याआधीच्या वर्षांची फी कोण भरणार, राजस्थानात तर याच प्रश्नावर कोर्टबाजी झाली. गुजरात सरकार शाळेला मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १३,००० रुपये देतं, त्यात पूर्वप्राथमिकची तीन वर्षं धरली तर खर्च वाढणार हे उघड आहे. शिवाय खाजगी प्ले-स्कूल बऱ्याचदा शाळेचा भागच नसतं, वेगळ्या नावानं, वेगळ्या बंगल्यात चालतं, तिथे कायदा लावणार कसा?

पण दुसरी बाजू मुलाच्या वयाची आहे आणि ती मला जड वाटते. अमेरिकेत १९४० च्या दशकात बाहुल्यांचा प्रयोग झाला होता, तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या, चांगली कुठली विचारलं, आणि बऱ्याच जणांनी गोरी उचलली. वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या तिथल्या निकालात या प्रकारच्या संशोधनाचा आधार घेतला गेला. म्हणजे सहाव्या वर्षी मूल कोऱ्या पाटीसारखं येत नाही, कोण आपल्यातला, कुणाचा डबा वेगळा, कोण 'तसं' बोलतं हे त्याचं ठरत आलेलं असतं. नर्सरी, ज्युनियर, सिनियर एकत्र काढलेल्या मुलांत पहिलीला चार नवीन मुलं आली की ती 'आरटीईवाली' होतात, हा शब्द मुलांना कुणी शिकवला ते सांगायला नको. नर्सरीत हा प्रश्न एवढा येत नाही कारण तिथे सगळेच नवीन आणि सगळेच रडत असतात.

नंतरच्या घडामोडी भराभर झाल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरला, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात घरची भाषा, स्थानिक गोष्टी, स्वतःबद्दल चांगली भावना असं सगळं आहे, आणि आजचे थीम-वीक बहुतेक त्यातूनच उचललेत. २०२३ मध्ये गुजरातने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची करणारा कायदा केला, मराठी घरांत त्यावर कुरकुर झाली, पण खरं सांगायचं तर आपल्याकडची मुलं गुजराती गल्लीतच शिकलेली असतात, प्रश्न मराठी वाचता येण्याचा आहे आणि तो या कायद्याआधीपासूनचा आहे.

त्याच वर्षापासून पहिलीला १ जूनपर्यंत सहा पूर्ण हा नियम कडक झाला आणि सरकारी शाळांत पाच वर्षांच्या मुलांसाठी बालवाटिका सुरू झाल्या. चांगलं पाऊल, फक्त तिथेही मुलं एकाच थरातली, कारण ज्यांना परवडतं ते खाजगीत. २०२५ मध्ये आरटीईची उत्पन्न मर्यादा शहरात दीड लाखावरून आणि खेड्यात एक लाख वीस हजारावरून थेट ६ लाख केली. त्यामुळे अर्ज करू शकणारे खूप वाढले, अगदी गरिबांचं काय होणार ही शंका आहेच, पण प्रवेश पहिलीचाच राहिला. तेव्हा बडोद्यात ज्यांना मूल नर्सरीपासून खाजगी शाळेत घालायचंय त्यांना तीन वर्षांची पूर्ण फी भरावी लागते, पहिलीच्या वेळी नव्याने ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, आणि नंबर लागला तरी त्याच शाळेत लागेल याची खात्री नाही.