बोट किनाऱ्याला, गाडी स्टेशनात

कोकणातलं पर्यटन वाढवायचं म्हटलं की बोलणं लगेच कोकण रेल्वेच्या नव्या गाड्यांवर आणि रुळांच्या दुपदरीकरणावर येतं. दोन्ही हवंच. पण या पट्ट्यातला प्रवास कसकसा बदलला ते पाहिलं, तर घोडं नेमकं कुठे अडलंय ते कळतं.

रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. बऱ्याच ठिकाणी ती खोल पाण्यातच थांबे. मग ट्रंका, वळकट्या, कडेवरची पोरं असं सगळं पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरवून माणसं किनारा गाठत. पावसाळ्यात तर बोटी बंदच. हाल होत, पण उतारू थेट समुद्रकाठच्या गावात पोचायचा.

रेल्वेची मागणी जुनी. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर तिथूनच निवडून आलेले प्रा. मधु दंडवते यांनी ती लावून धरली. तरी दिव्याकडून निघालेला रूळ रोह्यापर्यंत यायलाच 1986 उजाडलं. पुढे व्ही. पी. सिंग सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, असा योग जुळून आला. जुलै 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, धुरा रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्याकडे आली. केंद्रासोबत महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांनी भागभांडवल दिलं, उरलेला बराच पैसा रोख्यांतून उभा राहिला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा 64 मीटर उंचीचा पूल अशी कामं पार पाडत 1998 मध्ये रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग सलग झाला. त्या डोंगरात, त्या पावसात झालेलं हे काम आजही थक्क करतं.

मात्र हा मार्ग आखला गेला तो मुंबईला मंगळूर आणि केरळशी जोडण्यासाठी. खाड्यांची रुंद मुखं टाळत रूळ आतून गेले. सिंधुदुर्गाला 1997 मध्ये पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सलग झालेला मार्ग याच जिल्ह्यातून गेला. पण गाडी थांबते कणकवली, कुडाळ, सावंतवाडीला. कुडाळहून मालवण सुमारे 30 किलोमीटर. पूर्वी बोटीने दारात आणून सोडलेलं गाव आता स्टेशनापासून लांब पडलं. खेडला उतरून हर्णै, चिपळूणला उतरून गुहागर, सगळीकडे तीच कथा.

गेल्या काही वर्षांत सुधारणा झाल्या. रोहा-वीर दुपदरीकरण 2021 मध्ये, संपूर्ण विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. जून 2023 पासून मुंबई-मडगाव वंदे भारत धावते. वीरच्या पुढे मात्र मार्ग अजून एकेरी, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला गाड्या ताटकळतात आणि पावसाळ्यात वेगही उतरवावा लागतो.

माझ्या मते खरी उणीव स्टेशनाबाहेर आहे. पर्यटक बॅगा घेऊन उतरतो आणि रिक्षाचं भाडं ऐकून गप्प होतो. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळात मांडलेला रेवस-रेड्डी सागरी महामार्ग खाड्यांवरच्या पुलांपाशी वर्षानुवर्षं रखडला. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने दापोली आणि गुहागर एकमेकांच्या किती जवळ आणले, हे तिथल्या कुणालाही विचारावं. गाडीच्या वेळेला जोडून सुटणारी एसटी आणि खाडी ओलांडायची सोय, यावर आधी खर्च व्हायला हवा. नाहीतर मडगावला जाणारी गाडी कितीही वेगवान झाली, तरी तिचा फायदा गोव्यालाच होईल.