कार्यालयीन इमारतीतील उष्णतारक्षण

थंड हवामानात कार्यालयाच्या इमारतीतील ऊब टिकवून धरण्यासाठी व तिची गळती कमी करण्यासाठी केलेली बांधकामाची आणि यंत्रणांची योजना. घर आणि कार्यालय यांत येथे मूळचाच फरक आहे. कार्यालय दिवसा गजबजलेले, तर रात्री व सुट्टीच्या दिवशी ओस असते. खुर्चीत बसून काम करणारा माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. संगणक आणि दिवे तीत भर घालतात. त्यामुळे ऊब निर्माण करण्याइतकाच, बरेचदा त्याहून अधिक, आतली ऊब जाते कुठून हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

उष्णता वहन (पदार्थातून), अभिसरण (हवेच्या हालचालीने) आणि प्रारण (किरणांच्या रूपाने) या तिन्ही मार्गांनी बाहेर जाते. भिंत, छप्पर किंवा काच यांतून होणारी गळती यू-मूल्याने मोजतात. आतल्या-बाहेरच्या तापमानात १° से. फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता निसटते, ते हे मूल्य सांगते. एकेरी काचेचे यू-मूल्य ५.७ च्या आसपास असते, तर आर्गॉन वायू भरलेल्या व धातूचा अतिशय पातळ लेप दिलेल्या दुहेरी काचेचे सुमारे १.१. बाहेर ०° आणि आत २०° से. असेल, तर एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून ११४ वॉट निघून जातात, म्हणजे एका माणसाची सगळी ऊब. खनिज लोकर किंवा फोम यांसारखे उष्णतारोधक भरलेल्या भिंतीचे मूल्य ०.२ ते ०.३ पर्यंत खाली येते. नखशिखान्त काचेने मढवलेल्या इमारती दिसतात झकास, पण वरची दुहेरी काचसुद्धा अशा भिंतीच्या चार-पाच पट उष्णता सोडते.

काचेचा त्रास केवळ इंधनाच्या खर्चापुरता नसतो. हवेचे तापमान पुरेसे असले, तरी थंड काचेशेजारी बसणाऱ्याच्या शरीरातून काचेकडे प्रारण होत राहते. म्हणून खिडकीजवळचा कर्मचारी कुडकुडतो आणि त्याच वेळी आतल्या बाजूला बसलेला कोट काढून ठेवतो. तापमाननियंत्रकावरून होणाऱ्या भांडणांचे एक मोठे कारण हेच. आकडा वाढवून ते मिटत नाही.

भिंतीतली गळती गणिताने पकडता येते; हवेची गळती मात्र लबाड असते. उबदार हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या मजल्यांच्या फटींतून निसटते. तिची जागा घ्यायला तळमजल्यावरून थंड हवा आत ओढली जाते. धुराड्यात घडते तेच जिन्याच्या आणि लिफ्टच्या पोकळीत घडते, आणि इमारत जितकी उंच तितका हा ओढा जोरकस. फिरत्या दरवाजाचे महत्त्व इथे कळते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या थिओफिलस व्हॅन कॅनेल यांनी १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तो सदैव बंद आणि सदैव उघडा असतो, त्यामुळे माणूस आत येतो, वारा फारसा येत नाही. तो नसेल तेथे दोन दारांमध्ये मोकळी खोली ठेवतात.

फटी शोधण्यासाठी दारात मोठा पंखा बसवून आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक निर्माण करतात. जर्मनीत रुजलेल्या, अत्यल्प ऊर्जेवर चालणाऱ्या इमारतींसाठीच्या ‘पॅसिव्हहाऊस’ मानकानुसार या दाबाला तासाभरात आतल्या एकूण हवेच्या ०.६ पटीहून अधिक हवा बदलता कामा नये.

मात्र फटी बुजवल्या आणि काम झाले, असे नाही. माणसांना ताजी हवा लागते. शिवाय २०° से. व ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे ९° असतो. त्याहून गार पृष्ठभागावर पाणी साचते आणि पाठोपाठ बुरशी धरते. भिंतीतून आरपार गेलेल्या काँक्रीटच्या स्लॅबसारख्या औष्णिक सेतूंजवळ, म्हणजे उष्णतारोधकाचा थर जिथे तुटतो तिथे, हे प्रथम दिसते. यावरचा उपाय म्हणजे उष्णता परत मिळवणारे वायुवीजन. बाहेर जाणारी वापरलेली हवा आत येणाऱ्या ताज्या हवेला न मिसळता पातळ पत्र्यांमधून आपली ऊब देते. चांगल्या यंत्रात तीन-चतुर्थांश किंवा अधिक उष्णता वाचते. गाळण्या वेळेवर बदलल्या नाहीत, तर हवेचा प्रवाह मंदावतो आणि यंत्राचा फायदा घटतो.

जुन्या इमारतीत सुरुवात स्वस्त कामांपासून करावी : दारे-खिडक्यांच्या कडांना रबरी पट्ट्या, छपरावर उष्णतारोधक, गरम पाण्याच्या नळांना वेष्टन, आणि रात्री व सुट्टीला तापमान उतरवणारे वेळापत्रक. रेडिएटर (खोली तापवणारे उपकरण) चालू ठेवून खिडकी उघडण्याची सवय मोडणे मात्र या सर्वांहून कठीण. टेबलाखाली लपवलेला छोटा हीटर हा बहुधा इमारतीतील दोषाचा पुरावा असतो. तो जप्त करण्याआधी शेजारची खिडकी तपासावी.

स्टॉकहोममधील ‘कुंग्सब्रोहुसेट’ या कार्यालयीन इमारतीला शेजारच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकातील प्रवाशांच्या अंगची ऊब पाण्यामार्फत पुरवली जाते. ऑस्ट्रियातील लुस्टेनाऊ येथील ‘२२२६’ या २०१३ मधील इमारतीत तर तापवण्याची यंत्रणाच नाही. सुमारे ७५ सेंमी. जाडीच्या विटांच्या भिंती, बेताच्या खिडक्या आणि संवेदकांवर चालणाऱ्या वायुवीजनाच्या झडपा यांच्या आधारे, माणसे, दिवे व संगणक यांच्या उष्णतेवर तिचे तापमान २२° ते २६° से. राखले जाते, इमारतीचे नावही त्यावरूनच पडले. अशा जाड भिंती जागा खातात, त्यामुळे जिथे जमीन महाग तिथे हा मार्ग क्वचितच परवडतो.