‘अस्सल’ कशाला म्हणायचं? वारसा-संवर्धनातल्या एका वादाची पार्श्वभूमी

वारशाचा अभ्यास सुरू केला की पहिली गल्लत शब्दांत होते. जतन, जीर्णोद्धार आणि पुनर्बांधणी हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. जतन म्हणजे आहे त्या अवस्थेत झीज रोखणं, जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला तिच्या मागच्या एखाद्या अवस्थेकडे नेणं आणि पुनर्बांधणी म्हणजे गेलेलं पुन्हा उभारणं. बहुतेक वाद या तिन्हींच्या हद्दींवरूनच झाले आहेत. वास्तूचा अस्सलपणा नेमका कशात असतो, हा त्यांतला मूळ प्रश्न.

एकोणिसाव्या शतकात याची दोन टोकाची उत्तरं होती. फ्रान्समधले वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक यांच्या मते जीर्णोद्धारातून वास्तूला परिपूर्ण रूप द्यावं, मग ते रूप पूर्वी कधीच अस्तित्वात नसलं तरी चालेल. इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन यांना हा शुद्ध खोटेपणा वाटे. डागडुजी वेळेवर करा, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. व्हियोले-ल-द्युक यांनी दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन शहराच्या तटबंदीच्या बुरुजांवर उत्तर फ्रान्सच्या धाटणीची, स्लेटची सुळकेदार छपरं चढवली आणि त्यावरून पुष्कळ टीका झाली. गंमत अशी की १९९७ मध्ये कार्कासोन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हा हा जीर्णोद्धारच त्याच्या महत्त्वाचं एक कारण म्हणून नोंदवला गेला.

तत्त्वांच्या या भांडणात साहित्याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, ते अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक देवळात दिसतं. प्राचीन कारागीर संगमरवराचे चिरे लोखंडी क्लॅम्पने जोडत आणि भोवती वितळलेलं शिसं ओतत. शिशामुळे ओल आणि हवा लोखंडापर्यंत पोचत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता निकोलाओस बालानोस यांनी खांब पुन्हा उभे केले, पण नवं लोखंड शिशाविना बसवलं. ते गंजलं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे चिरे आतून फुटू लागले. शिवाय बरेच चिरे आपल्या मूळ जागी नव्हतेच. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते लोखंड काढून टायटॅनियम बसवण्यात आलं. जोड मुद्दाम संगमरवरापेक्षा कमजोर ठेवला जातो, म्हणजे भूकंपात तुटायचं झालं तर आधी धातू तुटावा, दगड नाही. आणि १९३१ च्या, वास्तूंच्या संवर्धनावरच्या अथेन्स परिषदेने तर प्रबलित काँक्रीटसारख्या आधुनिक साहित्याच्या विचारपूर्वक वापराला मान्यता दिली होती!

१९६४ ची व्हेनिस सनद, म्हणजे वास्तुसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणारा दस्तऐवज, यापेक्षा सावध आहे. तिचं नववं कलम सांगतं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. बाराव्या कलमानुसार नव्याने घातलेला भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा. ही दोन कलमं आजही प्रकल्प अहवाल तपासण्याची उत्तम कसोटी आहेत. सनदेची मर्यादा तिच्या जन्मातच आहे. ती लिहिणारे बहुतेक युरोपातले होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दगडी वास्तू होत्या.

१९७२ चा जागतिक वारसा करार झाला, १९७८ मध्ये यादीत पहिली १२ स्थळं आली आणि अस्सलपणा चार गोष्टींत मोजायचं ठरलं: रचना, साहित्य, कारागिरी आणि परिसर. लगेच अडचण उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालेलं वॉर्साचं जुनं शहर जुन्या नोंदी, आराखडे आणि अठराव्या शतकातल्या बेलोत्तोच्या चित्रांवरून नव्याने बांधलेलं होतं. १९८० मध्ये ते यादीत घेतलं गेलं, पण अपवाद म्हणूनच. अपवादाने प्रश्न मिटला नाही, फक्त पुढे ढकलला गेला.

तो खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला १९९२ मध्ये जपान करारात सामील झाल्यावर. जपानमधल्या लाकडी देवळांचे कुजलेले भाग वेळोवेळी बदलले जातात. इसेचं देवस्थान तर दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडात उभारलं जातं. साहित्य नवं, पण सुताराचं कसब, विधी आणि रूप परंपरेने चालत आलेलं. अशी वास्तू साहित्याच्या कसोटीवर नापासच होणार. नोव्हेंबर १९९४ मध्ये जपानमधल्या नारा इथल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ‘नारा दस्तऐवज’ तयार झाला; त्यात ठरलं की अस्सलपणाचा निवाडा त्या त्या संस्कृतीच्या संदर्भातच व्हावा आणि साहित्याबरोबर वापर, तंत्र, परंपरा, भावना हेही पुरावे धरावेत. मात्र याचा सोयीस्कर अर्थही लावला जातो. ‘आमची परंपराच अशी’ म्हणून केलेल्या वाट्टेल त्या नव्या बांधकामाला नारा दस्तऐवज परवानगी देत नाही. माहितीचे स्रोत विश्वसनीय असले पाहिजेत, ही अट त्यातच आहे.

२००३ मध्ये अमूर्त वारशाचा करार झाला. गाणं, विधी, कारागिरी प्रत्येक पिढीत नव्याने घडत असल्याने त्यांची ‘मूळ प्रत’ शोधणं निरर्थक ठरतं. एकच आवृत्ती अधिकृत ठरवली, तर बाकीच्या मागे पडतात. म्हणून २००४ मध्ये पुन्हा नारा इथेच जमलेल्या तज्ज्ञांनी स्पष्ट केलं की वास्तूंना लावला जाणारा अस्सलपणाचा निकष अमूर्त वारशाला लागू होत नाही.