‘फॉरेनचे सर’ कधीपासून भारी झाले?

कोल्हापुरात स्पोकन इंग्लिशच्या क्लासची चौकशी करताना पालक हमखास विचारतात, “सर फॉरेनचे हाईत काय?” हा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, राजाराम कॉलेज १८८० मध्ये सुरू झालं. पण बहुसंख्य मराठी माणसं इंग्रजी शिकली ती मराठी मास्तरांकडूनच. घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसायचं, मराठी वाक्य वाचायचं आणि इंग्रजी करून वहीत उतरवायचं.

‘नेटिव्ह स्पीकर’ला सैद्धांतिक मान मिळाला तो १९६१ मध्ये, युगांडातल्या मकेरेरे इथल्या राष्ट्रकुल परिषदेनंतर. तिथून रूढ झालेल्या गृहीतकांपैकी दोन इथं महत्त्वाची: इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावं, आणि आदर्श शिक्षक म्हणजे जन्मानं इंग्रजी बोलणारा. स्थानिक भाषा न येणाऱ्या शिक्षकाला हे सोयीचंच होतं. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये यातल्या दुसऱ्या गृहीतकाला भ्रम ठरवलं. त्याच वर्षी हंगेरीच्या पीटर मेजेश यांनी जन्मानं इंग्रजी बोलणारे आणि ती शिकून घेतलेले, या दोन्ही प्रकारच्या शिक्षकांची बलस्थानं वेगळी असतात, अशी मांडणी केली. ‘टेसॉल’ या शिक्षकसंघटनेनं तर १९९१ मध्येच जन्मानं इंग्रजी न बोलणाऱ्या शिक्षकांना नोकरी देताना होणाऱ्या भेदभावाविरुद्ध निवेदन काढलं होतं. बाजार मात्र बधला नाही. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा व्हिसा ठरावीक सात देशांच्या नागरिकांभोवतीच आखलेला राहिला.

आता वर्गात काय होतं ते बघू. मुलगा लिहितो, ‘आय हॅव कम यस्टरडे’. हे चूक आहे, हे लंडनचा शिक्षक लगेच सांगेल. पण मूळ आहे ‘मी कालच आलोय’ या वाक्यात. मराठीतल्या ‘आलोय’ला ‘काल’ चालतो, इंग्रजीतल्या ‘हॅव कम’ला संपलेला काळ चालत नाही. ‘यस्टरडे’ आलं की ‘केम’च. दोन्ही भाषा येणारा शिक्षक ही जोडी फळ्यावर शेजारी मांडतो आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटतो.

उच्चारांचंही तसंच. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या प-ला हवेचा झोत लागतो, आपल्या प-ला नाही. त्यामुळे आपला ‘पेन’ परक्या कानाला ‘बेन’ वाटू शकतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा आणि दोन्ही ओठ मिटून, जुन्या वळणाच्या ‘फळ’मधल्या फ-सारखा झोत सोडा, पट्टी हलली पाहिजे. ‘स्पेन’ म्हणताना मात्र ती हलता कामा नये. बरीच मुलं इथं फसतात, कारण एकदा झोत जमला की ती तो सगळीकडे सोडत सुटतात.

आपल्या शिक्षकांची कमजोरी वेगळ्या जागी आहे. ‘मी कॉलेजमधून पासआउट झालो’ हे आपल्याकडे इतकं रुळलंय, की शिक्षकालाही खटकत नाही. परदेशी माणसाला मात्र ऐकू येतं, हा कॉलेजात चक्कर येऊन पडला. असे शब्द व्याकरणाच्या नियमात सापडत नाहीत. त्यासाठी तिकडचं बोलणं रोज कानावर पडावं लागतं, नाहीतर शब्दकोश हाताशी ठेवून आपल्याच सवयीच्या शब्दांवर संशय घ्यावा लागतो.