टेबलावर झोपलेल्या बाईचा प्रश्न

बहिणीच्या पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला मी सोबत होते. पोटावर थंडगार जेल, पडद्यावर राखाडी ठिपक्यांची हालचाल. डॉक्टर प्रोब फिरवत एका जागी थांबले, पुढे गेले, पुन्हा तिथेच आले. बोलले काहीच नाहीत. बहिणीनं माझा हात घट्ट धरला. नंतर कळलं, बाळ पाठ करून होतं, म्हणून चेहरा दिसत नव्हता. एवढंच!

ते मौन किती वेळ असावं, पहिलं वाक्य कोणतं बोलावं, यावरही संशोधन होऊ शकतं. पण कशावर संशोधन करायचं हे सहसा संशोधक, पैसा देणाऱ्या संस्था आणि कंपन्या ठरवतात. त्यात रुग्णांना आणि रोज रुग्ण तपासणाऱ्यांना बरोबरीनं बसवण्यासाठी ब्रिटनमध्ये २००४ साली जेम्स लिंड अलायन्स सुरू झाली. लिंड हा आरमारातला शल्यचिकित्सक. १७४७ मध्ये त्यानं स्कर्व्ही ('क' जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा आजार) झालेल्या १२ खलाशांवर वेगवेगळे उपाय ताडून पाहिले, तेव्हा संत्री-लिंबं खाणारे लवकर बरे झाले.

कशावर संशोधन व्हावं, याच्या या संस्थेनं केलेल्या याद्यांची तुलना २०१५ मध्ये नोंदणी झालेल्या उपचार-चाचण्यांशी केली गेली. रुग्ण आणि डॉक्टरांनी मागितलेल्या उपचारांत औषधं, लसी वगैरे फक्त १८ टक्के होत्या. कंपन्यांच्या चाचण्यांत त्यांचा वाटा ८६ टक्के होता.

यादी करायची पद्धत साधी, पण चिकाटीची. आधी सर्वांकडून प्रश्न मागवायचे. ज्यांची उत्तरं आधीच सापडली आहेत ते बाजूला काढायचे. उरलेल्यांवर मतदान घ्यायचं. शेवटी, विषय बाळंतपणाचा असेल तर, आई-वडील, सुईणी आणि डॉक्टर एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येक प्रश्न एका कार्डावर छापलेला असतो, आणि ती कार्डं वर-खाली सरकवत क्रम लागतो. मग गट मोडून नव्यानं जुळवतात, म्हणजे मोठ्या आवाजाचा एकच माणूस दिवसभर वरचढ राहत नाही.

मृत बाळ जन्माला येण्याबद्दलची अशी यादी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिला प्रश्न होता: गरोदरपणातच वारेची (बाळाला पोषण पुरवणाऱ्या अवयवाची) रचना आणि काम कसं तपासता येईल? दुसरा: शेवटच्या तिमाहीत सोनोग्राफीनं बाळाची वाढ पाहिली तर असे मृत्यू कमी होतात का? ऐकणाऱ्याला वाटेल, होणारच की. पण जोखीम कमी असलेल्या सर्वच स्त्रियांची शेवटच्या महिन्यांत सरसकट सोनोग्राफी केल्यानं बाळांचे मृत्यू कमी झाल्याचं तोवरच्या चाचण्यांत दिसलं नव्हतं. सोनोग्राफीवरून काढलेलं वजन दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतं. शिवाय एका तपासणीत बाळाचा आकार कळतो, वाढीचा वेग नाही. मुळातच लहान चणीचं बाळ आणि वाढ खुंटलेलं बाळ पडद्यावर सारखंच दिसू शकतं. त्याच यादीत आणखी एक प्रश्न आला: बाळ गमावलेल्या स्त्रीला पुढच्या गरोदरपणात आधार कसा द्यावा? हा प्रश्न मला सोनोग्राफीच्या प्रश्नाइतकाच मोलाचा वाटतो.

प्रोब धरणाऱ्याचेही प्रश्न असतात. दिवसभर हात ताणून, प्रोब दाबून काम केल्यानं खांदा आणि मनगट कायमचं दुखणं ही या व्यवसायातली जुनी तक्रार आहे. दुखऱ्या हातानं केलेल्या तपासणीत काही निसटतं का, हे त्यांच्याशिवाय कोण विचारणार?

आपल्याकडे अशी यादी केली तर ती वेगळी होईल. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला आणि १९९४ मध्ये देशभरासाठी तसा कायदा झाला. ही बंदी हवीच. पण तिच्या चौकटीत राहून डॉक्टरांनी बाईशी मोकळेपणानं किती आणि काय बोलावं, हा खास आपला प्रश्न आहे. तो विचारायला वस्तीतल्या आरोग्य-स्वयंसेविका, म्हणजे आशाताईंइतकं योग्य कोणी नाही, कारण गरोदर बाईला तपासणीला घेऊन येतात त्याच. आणि बाहेरच्या बाकावर, बाटलीभर पाणी पिऊन, लघवी रोखून नंबराची वाट पाहणाऱ्या बाईला विचारलं, तर ती आधी हेच विचारेल: पाचव्या महिन्यात एवढं पाणी प्यायची खरंच गरज असते का?