फोल्डिंग वर्कबेंच (वर्कमेट)

फोल्डिंग वर्कबेंच म्हणजे घडी घालून एका हाताने उचलून नेता येईल असं काम करायचं स्टँड, ज्याच्या वरच्या दोन फळ्याच एकमेकींकडे सरकतात आणि मधे ठेवलेली वस्तू घट्ट पकडतात. म्हणजे टेबल आणि वाईस (वस्तू आवळून धरायचं साधन, आयटीआयच्या पुस्तकातला शेगडा) एकाच अंगात. जगभर याला सर्रास वर्कमेट म्हणतात, खरं तर ते एका कंपनीचं ट्रेडमार्क नाव आहे, पण आपण कुठल्याही मशीनवरच्या कॉपीला झेरॉक्स म्हणतो तसंच हे. मराठीत अजून याला धड नाव नाही. हार्डवेअरच्या दुकानात फोल्डिंग टेबल मागितलं तर पलंगावर बसून लॅपटॉप ठेवायचं टेबल पुढे येतं, घोडी म्हटलं तर पेंटरची शिडी, दोन्ही माझ्या बाबतीत झालंय. शेवटी मोबाईलवर फोटो दाखवावा लागतो.

हे टेबल आहे असं समजून घेतलं की फसगत होते, कारण वस्तू ठेवायला टेबल आणि वस्तू धरायला वर्कबेंच, हा फरक पहिल्यांदा करवत हातात घेईपर्यंत कळत नाही. लाकूडकाम असो, पाईप कापणं असो की लोखंडाच्या अँगलला ग्राइंडर लावणं असो, अर्धं काम कापण्याचं आणि अर्धं ती वस्तू हलू न देण्याचं असतं, आणि हे दुसरं अर्धं काम आपण नेहमी घरातल्या कुणाला तरी "अरे जरा धर रे" म्हणून देतो. तो धरणारा माणूस बोअर होतो, दुसरीकडे बघतो, फोन घेतो, आणि नेमकं तेव्हाच करवत उडते.

रॉन हिकमनची खुर्ची

ज्याने हे शोधलं तो सुतार नव्हता, गाड्यांचा डिझायनर होता. रॉन हिकमन, जन्म १९३२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातला. पन्नासच्या दशकात लंडनला आला, आधी फोर्डमध्ये होता आणि नंतर लोटस कंपनीत गेला, तिथे १९६२ मध्ये आलेल्या लोटस एलान या छोट्या स्पोर्ट्स कारच्या डिझाइनमधला मुख्य माणूस हाच. फायबरग्लासची बॉडी, आत पाठीच्या कण्यासारखी एकच चॅसी (गाडीचा सांगाडा), हेडलाइट डोळ्यांसारखे उघडझाप होणारे, अशी गाडी. कमी वजनात जास्त ताकद कशी काढायची हा त्याचा रोजचा अभ्यास, आणि पुढे वर्कबेंचमध्ये तोच उपयोगी आलेला दिसतो.

गोष्ट १९६१ ची. हिकमन घरी कपाट बनवत होता, प्लाय कापायला आधार म्हणून घरातली एक चांगली महागाची खुर्ची घेतली, आणि प्लायबरोबर खुर्चीही कापली. आता हे वाचून हसणाऱ्यांनी आपापल्या घरातली प्लास्टिकची स्टुलं उलटी करून बघावीत. माझ्याकडच्या एकावर तीन चिरा आहेत, तीन वेगवेगळ्या वर्षांच्या. फरक एवढाच की आपण स्टूल भिंतीकडे वळवून ठेवतो आणि तो माणूस त्या खुर्चीवरून विचार करायला लागला.

त्याने आधी कामापुरता एक साधा बेंच केला आणि मग त्यात सुधारणा करत गेला. नेहमीच्या सुतारी बेंचला वाईस बाजूला लटकवलेला असतो. त्याने वाईस वेगळा ठेवलाच नाही, बेंचची अख्खी वरची बाजूच दोन लांब जबड्यांची केली. मग वाईसचं वेगळं वजन गेलं, आणि पकड चार-सहा इंचांची न राहता फळीच्या लांबीएवढी झाली.

१९६७ मध्ये लोटस सोडल्यावर तो हे डिझाइन घेऊन हत्यारांच्या कंपन्यांकडे फिरला. कुणी घेतलं नाही. स्टॅन्लीने सांगितलं की याचा खप शेकड्यात नाही, डझनात मोजावा लागेल. ब्लॅक अँड डेकरनेही नको म्हटलं. मग १९६८ पासून त्याने स्वतःच बनवून प्रदर्शनांमधून आणि जाहिराती देऊन पोस्टाने विकायला सुरुवात केली, आणि काही हजार नग असेच गेले. ते बघून ब्लॅक अँड डेकर परत आली आणि १९७२ मध्ये करार झाला, दर नगामागे हिकमनला रॉयल्टी. १९८१ पर्यंत एक कोटी विकले गेले होते, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये हिकमन गेला तेव्हाच्या बातम्यांमध्ये जगभरचा आकडा तीन कोटींच्या आसपास दिलेला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, स्टॅन्ली आणि ब्लॅक अँड डेकर या दोन कंपन्या एक झाल्या, म्हणजे डझनात मोजू म्हणणाऱ्यांच्या घरात ते कोट्यवधींचं बाळ आपोआप आलं.

नकला भरपूर झाल्या आणि तो पेटंटसाठी कोर्टात गेला. यात नवीन काय, स्क्रू जुना, फळी जुनी, घडीचे पाय जुने, असा युक्तिवाद अशा केसमध्ये होतोच, पण इंग्लंडच्या अपील कोर्टापर्यंत गेलेली केस त्याने जिंकली. मला हे बरोबर वाटतं. जुन्याच वस्तू होत्या तर खुर्च्या कापत कशाला बसला होतात इतकी वर्षं?

पकड कशी बसते

खरी गंमत दोन हँडलांत आहे. एक फळी सरकवायला दोन टोकांना दोन वेगवेगळे लांब स्क्रू असतात आणि प्रत्येकाला स्वतःचं हँडल. दोन्ही सारखे फिरवले तर फळ्या समांतर राहतात. एक जास्त फिरवला तर फळी तिरकी होते, आणि ती मोडत नाही कारण आतली नट जागेवर वळू शकते. त्यामुळे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होत गेलेली वस्तू, उदाहरणार्थ कुऱ्हाडीचा दांडा, खुर्चीचा पाय, क्रिकेटची बॅट, हीसुद्धा पूर्ण लांबीत धरली जाते. साध्या लोखंडी वाईसमध्ये अशी वस्तू दोन बिंदूंवर लटकते आणि फिरते. मी भावाच्या मुलाच्या बॅटचं हँडल चिकटवायला असंच धरलं होतं, फेविकॉल लावून रात्रभर, सकाळी काढलं तर एक मिलीमीटर हललं नव्हतं.

फळ्यांच्या आतल्या कडेला खाच पाडलेली असते ती पाईप आणि गोल दांड्यांसाठी. वर भोकांच्या रांगा असतात, त्यात प्लास्टिकच्या खुंट्या बसतात आणि त्या जागेवर गोल फिरतात, म्हणून फळ्यांच्या मधे न मावणारी रुंद वस्तू, म्हणजे ड्रॉवरचा दर्शनी भाग किंवा फोटोफ्रेम, फळ्यांच्या वर आडवी ठेवून चारही बाजूंनी पकडता येते. या खुंट्या सगळ्यात आधी हरवतात. घेतल्या दिवशीच त्यांना एका डब्यात घालायची सवय लावली नाही तर महिन्याभरात तीनच उरतात आणि तीन खुंट्यांवर काही धरता येत नाही.

चांगल्या मॉडेलला दोन उंच्या असतात, खालची साधारण दोन फूट आणि वरची अडीच फुटांच्या थोडी वर. खालच्या उंचीवर करवत चालवायची, कारण करवतीला अंगाचं वजन वरून यावं लागतं, आणि वरच्या उंचीवर रंधा, ड्रिल, पॉलिशपेपर. खाली पाय ठेवायला एक पायरी असते, ती स्टूल म्हणून चढायला नसते. रंधा मारताना जोर आडवा जातो, स्टँड हलकं, मग ते सगळं पुढे सरकतं, म्हणून एक पाय त्या पायरीवर रोवायचा म्हणजे आपलंच साठ-सत्तर किलो वजन बेंचला मिळतं. स्टँडचं स्वतःचं वजन मॉडेलप्रमाणे सात-आठ ते पंधरा-सोळा किलो, आणि ते पेलतं साधारण दीडशे ते अडीचशे किलो. एवढं हलकं असूनही स्थिर राहायचं म्हणून माणसाचं वजन उधार घेतलेलं आहे.

याच कुळातली बाकी स्टँड

फक्त मायटर सॉ किंवा चॉप सॉ (वरून खाली दाबून पट्टी आडवी कापायची गोल पात्याची मशीनं) बसवायला वेगळं स्टँड मिळतं, लांब दांडीचं, दोन्ही बाजूंना बाहेर निघणारे हात आणि त्यावर रोलर, लांब पट्टी कापताना टोक लोंबू नये म्हणून. त्यात पकड नसते कारण पकड मशीनमध्येच असते. मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या ट्रायटन कंपनीचं सुपरजॉज म्हणून एक तीन पायांचं स्टँड आहे, ते पायाने पेडल दाबून आवळायचं, त्यामुळे दोन्ही हात वस्तूला मोकळे राहतात, फांदी, दरवाजा, गेटची सळई काहीही. आणि प्लंबर लोकांचं पाईपचं तिपाई स्टँड तर फार जुनं, वर चेनचा वाईस, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपला आटे पाडताना ज्या ताकदीने डायचा, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराचा, दांडा ओढावा लागतो त्या ताकदीला साधं टेबल पालथं होईल.

तीन पायांचं कारण साधं आहे. उघड्यावरची जमीन कधी सपाट नसते, चार पायांतला एक नेहमी हवेत राहतो आणि स्टँड डुगडुगतं, तीन पाय मात्र कुठल्याही ओबडधोबड जागी एकाच वेळी टेकतात. चुलीला तीन दगड असतात ते याचसाठी. म्हणून अंगणात, शेतावर, साइटवर तिपाई चांगली आणि गॅलरीत, गॅरेजमध्ये चार पाय चालतात. चार पायांचं बाहेर वापरायचंच तर एका पायाखाली लाकडाची चकती सरकवायची, दगड नाही, दगड कंपनाने निसटतो.

आपल्याकडे

आपला पारंपरिक सुतार जमिनीवर बसून काम करायचा आणि त्याचा वाईस म्हणजे त्याचा पाय. फळीवर टाच दाबून, अंगठा आणि बोटांच्या बेचक्यात पट्टी धरून पटाशी चालवणारी म्हातारी माणसं मी गावी पाहिलेली आहेत, आणि त्या पायाला जे कळायचं ते कुठल्या स्क्रूला कळणार नाही. हिकमनच्या बेंचची तिथे गरजच नव्हती.

आता पुण्यामुंबईत फ्लॅटचं इंटिरियर चालू असतं तिथे बघा. दोन घोड्या (सुताराची लाकडी स्टँडं), त्यावर एक जाड प्लाय, झालं टेबल. त्याच प्लायला मधे फट पाडून खालून मार्बल कटर उलटा बसवायचा, की झाला टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली करवत. मार्बल कटर हे मूळ फरशी कापायचं मशीन, चार इंची पातं, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे, त्यावर लाकडाचं दातेरी पातं लावून गार्डशिवाय चालवतात आणि प्लाय धरायला हेल्पर पोऱ्या समोर उभा. जुगाड म्हणून कौतुक करणारे खूप भेटतात, मला ते बघवत नाही, कारण त्या पोऱ्याचा हात पात्यापासून वीतभर लांब असतो. माझ्या मते फोल्डिंग बेंच इथे फारसा आला नाही याचं मोठं कारण तो महाग आहे हे नाही, धरायला माणूस स्वस्त आहे हे आहे. युरोप-अमेरिकेत सुताराला घरी बोलावणंच परवडत नाही, एकट्याने करावं लागतं. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला आहे, इथे असताना त्याने खिळा ठोकला नव्हता, तिथे गॅरेजात दोन वर्कमेट आहेत आणि मला व्हिडिओ कॉलवर दाखवतो.

इथे आता ऑनलाइन मिळतात आणि घेणारे बहुतेक माझ्यासारखे शनिवार-रविवारचे सुतार. गॅलरीत उघडायचं, काम झालं की घडी घालून दाराच्या मागे. सोसायटीत दुपारी दोन ते चार मशीन चालवायचं नाही एवढं पाळलं की झालं.

वापरताना

एक चूक जवळपास सगळे करतात, मीही केली. फळी बेंचच्या दोन फळ्यांवर आडवी ठेवायची आणि मधल्या फटीवरून कापायचं, दोन्हीकडे आधार आहे म्हणून. दिसायला बरोबर दिसतं. पण कट पूर्ण होत आला की दोन्ही तुकडे मधे खचतात, कट वरून मिटतो, पातं चिमटीत सापडतं आणि सर्क्युलर सॉ (हातात धरायची गोल पात्याची विजेची करवत) उलटी अंगावर येते, यालाच किकबॅक म्हणतात. माझ्या वेळी मशीन नुसतं दणकून बंद पडलं, नशीब. मोठा तुकडा बेंचवर आवळून कापायची रेघ बेंचच्या बाहेर ठेवायची, म्हणजे सुटणारा तुकडा खाली जातो आणि कट उघडतो. सुटणारा तुकडा मोठा असेल तर त्याच्याखाली दुसरं काहीतरी उभं करायचं, नाहीतर शेवटच्या इंचात तो ढलपी काढून तुटतो.

आठ बाय चारचा अख्खा १८ मिलीमीटरचा प्लाय यावर चढवू नये. वजन तीस-पस्तीस किलो, वजनाचा प्रश्न नाही, पण दोन फुटांच्या बेंचच्या बाहेर एवढं लोंबतं की एका कोपऱ्यावर हात टेकला तरी सगळं पालथं होतं. तो जमिनीवरच चार पट्ट्या टाकून आधी अर्धा करावा.

घडी घालताना बोट कुठे आहे ते बघणे. पायांच्या आडव्या पट्ट्या कात्रीसारख्या मिटतात. वेल्डिंग यावर करू नये, फळ्या जळतात आणि ठिणगी स्क्रूच्या आट्यांत बसली की हँडल कायमचं खरखरतं. स्क्रूला वर्षातून एकदा थोडं ग्रीस. स्वस्त मॉडेलच्या फळ्या एमडीएफच्या (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या) असतात, एका पावसाळ्यात गॅलरीत राहिल्या तर कडा पावासारख्या फुगतात आणि मग पकड फक्त मधेच बसते. माझ्या तशाच झाल्या. त्या काढून कोपऱ्यावरच्या वखारीतून सागाच्या दोन पट्ट्या आणल्या, जुन्या फळ्या वर ठेवून भोकांच्या खुणा केल्या, आणि भोकं पाडायला त्या पट्ट्या धरणार कशात हा प्रश्न आला, कारण बेंच तर उघडून पडलेला. बायकोला हाक मारली, जरा धरतेस का.