जमिनीखालची केबल घरात का चालत नाही?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मित्राने गेल्या वर्षी अंगणापलीकडच्या गॅरेजमध्ये गाडीचा चार्जर बसवून घेतला. काम करणाऱ्याने चर खणला, काळी जाड केबल पुरली आणि तीच केबल भिंतीतून आत घेऊन तळघराच्या छताखालून तीसेक फूट थेट पॅनेलपर्यंत, म्हणजे घराच्या ब्रेकरच्या पेटीपर्यंत, ओढली. मध्ये कुठे जोड नाही, काम दिसायला अगदी नीटनेटकं. इन्स्पेक्टर आला, टॉर्च मारून केबलवरची छापील अक्षरं वाचली. ‘यूएसई-२’, बाकी काही नाही. काम नापास! मित्राचा प्रश्न रास्त होता: जी केबल चिखलात आणि दगडगोट्यांत वर्षानुवर्षं टिकते, ती कोरड्या तळघरात का चालू नये?

यूएसई म्हणजे ‘अंडरग्राउंड सर्व्हिस एन्ट्रन्स’, वीज जमिनीखालून घरापर्यंत आणणारी केबल. अमेरिकेच्या विद्युत संहितेत तिची व्याख्या आहे. आवरण ओल रोखणारं हवं, पण ज्वालारोधक असण्याची सक्ती नाही. तिच्याच बहिणीला, जमिनीच्या वरून येणाऱ्या ‘एसई’ केबलला, मात्र दोन्ही गुण लागतात. यूएसई घरात वापरायची मनाई पुढे ३३८.१२ या कलमात स्पष्ट शब्दांत येते, पण माझ्या मते सगळा निर्णय व्याख्येतच होऊन गेलेला आहे.

मातीच्या भरवशावर वीज नेण्याची ही रीत जुनी. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झालं, तेव्हा वीज रस्त्याखालूनच नेली होती. एडिसनचे सहकारी जॉन क्रूसी यांनी वीसेक फुटी लोखंडी नळ्या बनवून घेतल्या होत्या. आत अर्धगोल तांब्याच्या सळ्या आणि उरलेल्या पोकळीत डांबर, जवसाचं तेल, पॅराफिन, मधमाश्यांचं मेण यांचं मिश्रण गरम करून ओतलेलं. यादी पुन्हा वाचा: त्यातला एकूण एक पदार्थ जळणारा आहे. तरी फिकीर नव्हती, कारण भोवती लोखंड आणि वर रस्ता. तिथे आगीला हवाच मिळत नाही. शत्रू एकच, पाणी.

घराच्या आतला हिशेब वेगळ्या लोकांनी मांडला. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात विजेच्या दिव्यांचा लखलखाट होणार होता आणि विमा कंपन्यांना आगीची धास्ती होती. तिथली वायरिंग तपासायला त्यांनी विल्यम मेरिल हा तरुण अभियंता पाठवला. त्यातून १८९४ मध्ये विजेच्या वस्तू तपासणारी ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ ही संस्था उभी राहिली. १८९७ मध्ये पहिली राष्ट्रीय विद्युत संहिता निघाली आणि १९११ पासून ती अग्निसुरक्षा संघटनेच्या, म्हणजे एनएफपीएच्या, हाती आहे. ही संहिता आगीच्या भीतीतून जन्मली आहे, हे विसरलं की तिचे अर्धे नियम अडेलतट्टू वाटू लागतात.

मग पॉलिएथिलिन आलं. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत ते अपघातानेच सापडलं. पाण्याला दाद न देणारं, विजेला उत्तम अडवणारं. पुढे त्याचे रेणू एकमेकांत गुंफून उष्णतेला टिकणारा प्रकार निघाला, तो एक्सएलपीई. पुरायच्या केबलसाठी याहून बरं काय हवं? पण मुळात तो हायड्रोकार्बन, मेणबत्तीच्या मेणाचा नातलग. आग रोखणारी द्रव्यं मिसळली नाहीत तर एकदा पेटल्यावर ज्योत काढून घेतली तरी जळत राहतो. मातीत ते कुणाला कळणारही नाही, पण लाकडी तुळयांच्या घरात तीच केबल तळघरातली आग वर नेणारी वात होते.

जमिनीखालच्या केबली जिथे इमारतीत शिरतात, ती जागा किती नाजूक असते हे न्यूयॉर्कने २७ फेब्रुवारी १९७५ ला पाहिलं. सेकंड अॅव्हेन्यूवरच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात, केबली आत येतात त्याच खोलीत आग लागली आणि वर चढत गेली. सुमारे १ लाख ७० हजार फोन बंद पडले. सेवा पूर्ववत व्हायला तीनेक आठवडे लागले. तिथे मुख्यतः पीव्हीसी जळत होतं आणि त्या धुराने अग्निशमन दलाच्या जवानांच्या फुप्फुसांचं जे केलं, ते वाचायलाही नको वाटतं. टेलिफोनच्या बाहेरच्या केबलीला आजची संहिता इमारतीत ५० फुटांपर्यंत मुभा देते. यूएसईला तेवढीही नाही: जमिनीतून वर आली की तिने बाहेरच्या पेटीतच संपायचं.

इथे दोन नियमांची गल्लत नेहमी होते. वीज कंपनीकडून येणाऱ्या सर्व्हिस वायरवर घरमालकाचा ब्रेकर नसतो. शॉर्ट झालं तर ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा फ्यूज उडेपर्यंत ती तापत राहते. म्हणून २३० वं कलम सांगतं की मेन स्विच बाहेर ठेवा किंवा आत आल्याआल्या लगेच बसवा. इमारतीखालून जाणाऱ्या वायरवर निदान ५० मिलिमीटर काँक्रीट असेल, तर ती ‘इमारतीबाहेर’ धरतात. २०२० पासून एक-दोन कुटुंबांच्या घरांना बाहेर आपत्कालीन स्विच सक्तीचा झाला. हा प्रश्न वायर कोणतं काम करते याचा. यूएसईची मनाई केबल कशाची बनली आहे याची. मित्राच्या केबलमागे ब्रेकर होता, तरी ती नापासच.

आपल्याकडून गेलेल्या माणसाला हे खटकतं, कारण महाराष्ट्रात खांबावरून किंवा पिलरमधून, म्हणजे रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीतून, आलेली आर्मर्ड केबल सरळ मीटरच्या खोलीत शिरताना त्याने जन्मभर पाहिलेली असते. पण त्या केबलीला पोलादी चिलखत असतं आणि वरचं आवरण पीव्हीसीचं. पीव्हीसीत क्लोरीन असल्याने ते सहजी जळत राहत नाही. धूर मात्र विषारी. दिसायला दोन्ही काळ्या, जाड. जात वेगळी.

अमेरिकेतही सरसकट बंदी नाही. ‘यूएफ’ नावाची पुरायची केबल घरातल्या नेहमीच्या केबलीचे नियम पाळून आत वापरता येते. काही केबलींवर तीन नावं छापलेली असतात: यूएसई-२, आरएचएच, आरएचडब्ल्यू-२. मागच्या दोन नावांची ज्वाला-चाचणी झालेली असते, म्हणून अशी केबल पाइपमधून आत चालते. वीज कंपन्या स्वतः पुरतात ती यूआरडी केबल मात्र संहितेच्या यादीतच नाही. तिच्या आकारांना कॉलेजांची नावं आहेत, स्वीटब्रायर, वेस्लियन अशी. उरलेला तुकडा स्वस्तात मिळाला, तरी छापील नाव नसेल तर घरात आणू नये.

मित्राच्या घरी शेवटी बाहेरच्या भिंतीवर एक राखाडी पेटी बसली. अंगणातली केबल तिथे संपते, जमिनीतून पेटीपर्यंत ती पाइपमध्ये आहे. पेटीपासून आत पॅनेलपर्यंतचे तीस फूट दुसऱ्या केबलीचे. इन्स्पेक्टरने दुसऱ्या खेपेलाही आधी टॉर्च मारला तो अक्षरांवरच.